तीन हजारात पाच जणांची दिवाळी: सासूबाईंचं लुगडं कापू का?

कास्तकारीण
३ ऑक्टोबर २०२५

काल दसरा झाला, सोनं वाटून झालं. आज दिवाळीच्या कपड्यांचा हिशेब घेऊन बसली. आम्ही दारव्हा तालुक्यातले, घरी पाच माणसं: मी, हे, सासूबाई, अकरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी. सहा एकरात सोयाबीन, तूर आणि पऱ्हाटी, म्हणजे कापूस. भादव्यातल्या पावसानं सोयाबीन वावरातच काळं पडलं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये, पण ओला माल नेला की त्या भावाला कोण विचारतो? पऱ्हाटीचा पहिला वेचा दिवाळीच्या आगेमागेच येईल, त्याचा चुकारा, म्हणजे विकल्याचे पैसे, नंतर. म्हणून कपड्यांसाठी मी तीन हजार बाजूला काढले आहेत. त्याच्या वर एक रुपया नाही. उधारीवर तर अजिबात नाही, मागच्या वर्षी ते करून पाहिलं. कापूस विकल्यावर पैसे द्या म्हणाले, आणि तीच साडी आम्हाला चारशे रुपयांनी महाग पडली.

मुलीला शाळेतल्या मैत्रिणीसारखा चमकीचा घागरा पाहिजे. तालुक्याला जाऊन पाहिला, दीड हजार. आत अस्तर नाही, टिकल्या हातानं निघत होत्या. दोनदा घातला की संपला.

घरी पेटीत सासूबाईंचं लग्नातलं नागपुरी लुगडं आहे. अंग सुती, डाळिंबी रंग, काठ रेशमाचा, हिरवा. मधे बसायच्या जागी विरलं आहे, दोन ठिकाणी चिरही गेली आहे. काठ मात्र कालच्यासारखा. त्याचं परकर-पोलकं शिवलं तर मुलगी भुलाबाईसारखी दिसेल असं मनात आलं. पण पेटी उघडली की हात थांबतो. पन्नास वर्षांची वस्तू आहे, आणि माझी नाही. सासूबाईंना अजून विचारलं नाही. विचारलं तर त्या हो म्हणतील, म्हणूनच विचारायची भीती वाटते.

तुम्ही असतात तर कापलं असतं का? आणि बाकीच्या चौघांचं तीन हजारात कसं बसवू?

वर्धेची_लेक
३ ऑक्टोबर

कापू नका ताई. माझ्या आजीच्या लुगड्याच्या आम्ही उशीच्या खोळी केल्या होत्या. आज मी पुण्यात आहे आणि आजीचं म्हणून दाखवायला माझ्याजवळ एक सूतही नाही. घागरा नाही मिळाला तर मुलगी चार दिवस रडेल. लुगडं गेलं की गेलंच.

पऱ्हाटी
३ ऑक्टोबर

मले उलटं वाटते. पेटीत ठेवून कसर लागून जाईल त्यापेक्षा पोरीच्या अंगावर शोभलं तर काय वाईट हाय? आजीले पाहूनच बरं वाटन. पण आधी आजीले विचारा, तिले न विचारता कैची लावू नका.

शिलाईवाली
४ ऑक्टोबर

मी चांदूर बाजारकडची, बावीस वर्षं झाली मशीनवर. दिवाळीच्या आधी माझ्याकडे अशी लुगडी दरवर्षी येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कापड तपासा. उजेडासमोर धरा, जिथून बोटं दिसतात तो भाग गेला असं समजा. मग चिमटीत धरून हलकं ताणा, उभं आणि आडवं दोन्ही. बारीक करकर आवाज आला तर ते शिलाई धरणार नाही, सुईच्या भोकातून फाटत जाईल. घड्यांच्या रेषेवर खास लक्ष द्या. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं कापड तिथेच चिरतं.

नऊवारीची गंमत अशी की झीज सगळी मधे असते. कासोटा आणि बसायची जागा तिथे येते. दोन्ही टोकं चांगली राहतात. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. मुलीच्या परकराला घेर तीन मीटर पुरतो. तो पदराच्या उलट टोकाकडून घ्या. पदराला हात लावू नका. मधला विरलेला भाग गेला तरी पदराकडचा दोन-अडीच मीटरचा तुकडा तुमच्याकडे अख्खा राहतो. म्हणजे कापू की ठेवू, असं एकच उत्तर नाही. दोन्ही होतं.

आता माप. सात वर्षांच्या मुलीची कंबर ते घोटा उंची साधारण सत्तावीस इंच भरेल, तुम्ही मोजून घ्या. त्यात नेफ्याला (नाडीच्या पट्टीला) दोन इंच आणि दाबाला (पुढे उंची वाढवायला राखायच्या जादा कापडाला) चार इंच धरा. झाले तेहतीस. लुगड्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, अठ्ठेचाळीस इंचांच्या आसपास असतो. खालचा काठ परकराच्या खाली ठेवून तेहतीस इंच वर मोजलं की वर पंधरा इंचांची पट्टी उरते, आणि तिला वरचा काठ असतोच! त्याच पट्टीतून पोलक्याच्या बाह्या आणि पुढचा गळा काढायचा. पाठ साध्या कापडाची चालते, वेणीखाली झाकली जाते.

दाबाबद्दल सांगते, कारण इथे बहुतेक जणी चुकतात. जादा कापड खालून आत दुमडू नका, काठ झाकला जातो. काठाच्या वर चार बोटांवर, आतल्या बाजूला आडवी चूण घ्या आणि लांब टाक्यांची टीप मारा. पुढच्या वर्षी दोन इंच सोडायचे, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी दोन. परकर तीन दिवाळ्या चालतो. दीड हजाराचा घागरा पुढच्या वर्षी आखूड झाला की त्याचं काहीच होत नाही.

आत मलमलचं किंवा व्हॉइलचं अस्तर हवंच. जुन्या कापडावर ताण येऊ द्यायचा नाही, ताण अस्तरानं घ्यायचा. अस्तर शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. नाही तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगून येतं.

कास्तकारीण
४ ऑक्टोबर

ताई, तुमचं वाचून वहीत लिहून घेतलं. पदर राहतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी अख्खं लुगडं कापायचं असंच धरून बसली होती.

झाडीपट्टी
४ ऑक्टोबर

मी पवनीकडची. आमच्या इकडे हातमागाच्या करवती साड्या होतात, मोहाडी-आंधळगावकडेही होतात. अंग कोशाचं (टसर रेशमाचं), काठाला करवतीसारखे दाते. तो काठ अंगाशी जोडत विणताना तीन धोटे चालवावे लागतात, म्हणून काठ नंतर शिवून लावल्यासारखा नसतो, कापडातच अडकलेला असतो. जंगलातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा वाढवायचा, मग सूत काढायचं, मग माग. तेवढ्या मेहनतीची वस्तू कापायला माझं मन होत नाही. आईची एक आहे, अंगावर दोन ठिकाणी चिरली तेव्हा मी आतून मलमलचा तुकडा लावून बारीक धावदोरा घातला. चार हातांवरून दिसत नाही. दिवाळीला नेसते, आणि नंतर गावच्या मंडईच्या जत्रेलाही.

तुमचं लुगडं मधे फारच गेलं असेल तर शिलाईवाली ताई म्हणतात ते बरोबर. पण थोडंच विरलं असेल तर आधी रफूचा विचार करा.

आणखी एक. आमच्याकडे खरे नवे कपडे मंडईला लागतात. दिवाळी घरातली, मंडईत मात्र पाव्हणे येतात, रात्री नाटक असतं, सगळं गाव एकमेकांना पाहतं. म्हणून आम्ही अर्धी खरेदी दिवाळीनंतर करतो. तेव्हा दुकानदार उरलेला माल कमी भावात काढतात. तुमच्याकडे तसं काही निमित्त असेल तर एखादी वस्तू पुढे ढकला.

निवृत्त_मास्तर
५ ऑक्टोबर

कपड्यांच्या कराबद्दल दोन ओळी, कारण दुकानांवरच्या पाट्या पाहून लोकांचा गोंधळ होतो आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर जीएसटी ५ टक्के झाला. पूर्वी हा दर १००० रुपयांपर्यंतच होता, त्याच्या वर १२ टक्के लागत असे. म्हणजे खरा फायदा हजार ते अडीच हजारातल्या कपड्याला. सहाशे रुपयांच्या सदऱ्यावर आधीही ५ टक्केच होता. त्यावर ‘जीएसटी कमी झाला’ अशी पाटी असेल तर भाव मागच्या महिन्यात काय होता ते विचारावं. आणि अडीच हजाराच्या वर १८ टक्के आहे, हेही ध्यानात असू द्यावं.

कास्तकारीण ताई, यजमानांसाठी नवं घेऊच नका, जुन्या सदऱ्याची कॉलर उलटून घ्या. आमच्या वडिलांचे सदरे शिंपी असेच करून देत. मानेजवळ झिजलेली बाजू आत जाते, आतली कोरी बाजू बाहेर येते. सोबत बटनं बदलली की सदऱ्याला नवेपण येतं. शेवटच्या पाण्यात थोडी नीळ, आणि भाताच्या पेजेची खळ. पेज गाळून, भरपूर पातळ करून घ्यायची, नाही तर पांढरे डाग बसतात. अर्धवट ओला असतानाच इस्त्री करायची. मी अडतीस वर्षं शाळेत अशाच सदऱ्यात उभा राहिलो.

पऱ्हाटी
५ ऑक्टोबर

गुरुजी, कॉलरचं आमच्या इथल्या शिंप्याले विचारलं. पन्नास रुपयात करून देतो म्हणाला. माये दोन सदरे देऊन आलो.

संत्रा_बगीचा
५ ऑक्टोबर

आमच्या बचत गटानं तीन वर्षांपासून एक रीत धरली आहे. वरूडहून दोघी जणी नागपूरला जातात, गांधीबागेच्या कापडबाजारातून ठोक भावात शर्टाच्या कापडाचा आणि ब्लाऊजच्या कापडाचा ताका आणतात. गावात मीटरप्रमाणे वाटून घेतो. गाडीभाडं सगळ्यांवर पडतं, तरी तालुक्याच्या दुकानापेक्षा स्वस्त. अडचण एकच, अर्ध्या गावाची पोरं एकाच रंगाच्या शर्टात दिसतात. म्हणून आता दोन-तीन रंगांचे ताके घेतो.

माझं मत विचाराल तर कापड थोडं बरं घ्यावं आणि शिलाईला पैसे राखून ठेवावेत. अंगावर नीट बसलेला साधा सुती शर्टही सणाचा वाटतो. खांद्यावरून उतरलेला महागडा रेडिमेड तसा वाटत नाही.

वर्धेची_लेक
५ ऑक्टोबर

मी आधी घाईत ‘कापू नका’ लिहिलं. शिलाईवाली ताईंचं वाचल्यावर माझं मत बदललं. आमच्या आजीच्या लुगड्याचा निदान पदर तरी ठेवता आला असता.

ताई, तुमच्या यादीत तुम्ही स्वतःसाठी काय घेणार ते कुठेच नाही. मुलीचा घागरा आला, बाकी सगळे ‘चौघं’ झाले. माझी आई असंच करायची. सगळ्यांचं झालं की उरलेल्या पैशात तिचं, आणि उरायचे नाहीत. भाऊबीजेच्या फोटोत ती दरवर्षी त्याच मोरपंखी साडीत आहे. कृपा करून स्वतःचं नाव यादीत आधी लिहा.

शिलाईवाली
६ ऑक्टोबर

अगदी. माझ्याकडे बाया पोरांची मापं द्यायला येतात, स्वतःचं ब्लाऊज विचारलं की ‘पाहू नंतर’ म्हणतात.

कास्तकारीण ताई, महालक्ष्म्यांना (ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींना) या वर्षी पातळं नेसवली असतील ना? आमच्यात देवीची पातळं विसर्जनानंतर घरच्या सुनेला आणि लेकीला देतात. तशी असतील तर तीच दिवाळीला नेसा. साडीचा खर्च वाचला, फक्त ब्लाऊज नीट शिवून घ्या. साडी साधी असली तरी ब्लाऊजची पाठ आणि बाही बरोबर बसली की सगळं उठून दिसतं. बाहीला लुगड्याच्या काठाची दोन बोटं पट्टी लावा, मायलेकींचं जुळून येईल.

कास्तकारीण
६ ऑक्टोबर

आहे हो, ज्येष्ठेचं पातळ माझ्याचकडे आहे. जांभळं, बारीक बुट्टीचं. घडी मोडलेली नाही. आणि वर्धेची_लेक, तुम्ही लिहिलं ते वाचून मी थोडा वेळ फोन खाली ठेवून बसली.

आज संध्याकाळी सासूबाईंना विचारलं. दिवाबत्ती झाल्यावर लुगडं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी काठावरून हात फिरवला. म्हणाल्या, ‘काप वं, मी आता नेसतो थोडीच.’ मग थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘पण पदर मले दे.’ मी म्हटलं, पदर कापतच नाही, शिंपीणताईंनी सांगितलं आहे. त्या हसल्या. त्यांच्या लग्नात हे लुगडं बैलगाडीतून आलं होतं, पावसात भिजू नये म्हणून त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या धोतरात गुंडाळून आणलं होतं. सोळा वर्षं झाली मला या घरात, ही गोष्ट आज पहिल्यांदा ऐकली.

झाडीपट्टी
६ ऑक्टोबर

वाचून डोळे भरले. आता खुशाल कैची लावा.

संत्रा_बगीचा
९ ऑक्टोबर

कापायच्या आधी रंगाचीही खात्री करा. आतल्या बाजूचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून धरा. डाळिंबी रंग उतरत असेल तर परकर कधीही बाकी कपड्यांसोबत भिजवू नका, गार पाण्यात वेगळा हलवून लगेच काढा आणि सावलीत वाळत घाला. काठ रेशमाचा आहे, त्याला रिठ्याचं पाणीच बरं, साध्या साबणानं चमक जाते.

पऱ्हाटी
१० ऑक्टोबर

भांडेवालीले जुने कपडे द्यायच्या आधी हुक, बटनं, लेस, साडीचे फॉल काढून ठेवत जा. माया मायनं एका डब्यात जमा केले हायेत. बहिणीच्या ब्लाऊजले यंदा एकबी नवा हुक लागला नाही. आणि गजरा कायले विकत घेता? आपल्या बांधावर झेंडू हाय, परसात शेवंती हाय. दिवाळीच्या आदल्या दिवशी फुलं तोडून ओल्या फडक्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी ताजीच राहतात.

निवृत्त_मास्तर
१० ऑक्टोबर

मुलाचंही मन पाहावं. अकरा वर्षांच्या मुलाला बहिणीसाठी एवढा खटाटोप दिसतो. त्याला स्वतः कापड निवडू द्या. रंग त्याचा, भाव तुमचा.

कास्तकारीण
२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली, पाव्हणे गेले. हिशेब सांगायचा राहिला होता, तो सांगते.

मुलीचं परकर-पोलकं: अस्तर, दोरा, हुक, गोंडे दीडशे, शिलाई अडीचशे. चारशे. मुलाला गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे बाजारात सोबत नेलं, त्यानं मोरपिशी रंगाचं शर्टपीस काढलं. कापड तीनशे, शिलाई अडीचशे, आणि जीन्स पाचशे. एक हजार पन्नास. सासूबाईंना नवं सुती लुगडं, साडेसहाशे. यांच्या सदऱ्याची कॉलर आणि बटनं, सत्तर. माझं ब्लाऊज, अस्तर-शिलाईसह तीनशे. मी यादीत ते पहिल्या ओळीत लिहिलं होतं. आम्हा तिघींच्या काचेच्या बांगड्या साठ. मुलाच्या चपला तीनशे. बेरीज दोन हजार आठशे तीस. एकशे सत्तर डब्यात परत गेले.

घागऱ्याचं सांगते. परकर पहिल्यांदा दाखवला तेव्हा मुलगी काही बोलली नाही, तोंड फिरवलं. चमकी नाही म्हणून. मी जबरदस्ती केली नाही, खुंटीला लावून ठेवला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सासूबाईंनी तिला जवळ घेऊन धोतरात गुंडाळलेल्या लुगड्याची गोष्ट सांगितली. संध्याकाळी तिनं स्वतःच घातला आणि अंगणात इतक्या गिरक्या घेतल्या की पणत्या विझतात की काय असं वाटलं. गल्लीतल्या चार घरी जाऊन ‘हे आजीच्या लग्नातलं आहे’ असं सांगून आली. मैत्रिणीच्या घागऱ्याबद्दल मग विचारलंच नाही.

सासूबाईंनी नवं लुगडं नेसून जुन्याचा पदर खांद्यावर शालीसारखा घेतला होता. आता तो घडी करून उशाशी ठेवतात. शिलाईवाली ताई, घडी दर दोन महिन्यांनी बदलायची हे मी त्यांना सांगितलं आहे. मधले विरलेले तुकडे गोधडीच्या आतल्या थरात घालणार आहे.

वर्धेची_लेक
२६ ऑक्टोबर

जांभळं पातळ कसं दिसलं?

कास्तकारीण
२६ ऑक्टोबर

चांगलं. या वर्षीच्या भाऊबीजेच्या फोटोत मी नव्या साडीत आहे. बाहीला हिरव्या काठाची पट्टी आहे, मुलीच्या बाहीलाही तीच.

तूर_आणि_ओवी
२८ ऑक्टोबर

नवीन सभासद आहे, उमरेडकडची. माझ्याकडे आईचं असंच जुनं लुगडं आहे, अंग चांगलं आहे पण काठ एका बाजूनं उसवला आहे. मुलगी चार वर्षांची. संक्रांतीला घालायचं आहे. घेर किती घेऊ?

शिलाईवाली
२८ ऑक्टोबर

चार वर्षांच्या मुलीला घेर दोन मीटर पुरे, जास्त घेतला तर पायात येऊन पडेल. उसवलेला काठ वर नेफ्याकडे जाऊ द्या, चांगला काठ खाली. नेफ्यात नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक घाला, लहान मुलींना नाडी रुतते. कंबर ते घोटा मोजा, ती उभी असताना, अनवाणी. माप इथे टाका, दाब किती धरायचा ते सांगते.